मायना राहून गेला: परकीय भाषांच्या अभ्यास मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
परकीय भाषा अभ्यास मंडळं,
महाराष्ट्रातील विद्यापीठं

स. न. वि. वि.

शाळेत पत्रलेखन शिकवताना आमच्या बाईंनी पहिला आठवडा फक्त मायन्यावर घालवला होता. आईवडिलांना तीर्थरूप, काका-मामांना तीर्थस्वरूप, धाकट्यांना चिरंजीव, ओळख नसलेल्या माणसाला महोदय. मजकूर नंतर. आधी आपण कोण, समोरचा कोण आणि दोघांत अंतर किती हे ठरवा, मग लेखणी उचला, असं त्या सांगायच्या. पुढे मी पुण्यात पाच वर्षं स्पॅनिश शिकले, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयरेसला गेले. पहिल्याच सत्रात माझ्या लक्षात आलं की या भाषेचा मायना मला कुणी शिकवलेलाच नाही. बोलण्यातला नाही आणि लिहिण्यातलाही नाही. आज मी स्वतः स्पॅनिश शिकवते, आणि माझ्यासमोर बसलेल्या मुलांच्या पुस्तकांत तीच पोकळी तशीच आहे. म्हणून हे पत्र.

आपल्या अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात सर्वनामांचा सहा घरांचा तक्ता येतो: यो, तू, एल-एया-उस्तेद, नोसोत्रोस, वोसोत्रोस, एयोस-एयास-उस्तेदेस. मराठी मुलांना तो चटकन आपलासा वाटतो, कारण दुसऱ्याच घरात आपला ‘तू’ बसलेला असतो. उच्चार तोच, अर्थ तोच, आणि हा योगायोगही नाही. लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा, आणि त्या कुळातला हा सामाईक शब्द एकीकडे स्पॅनिशपर्यंत आणि दुसरीकडे मराठीपर्यंत पोचला आहे. मग शिक्षक सांगतात, उस्तेद म्हणजे आपलं ‘तुम्ही’. मुलं वहीत तसं लिहून घेतात. पुढच्या तीन-चार वर्षांत त्या ओळीकडे परत कुणी वळत नाही.

ती ओळ चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर विसंबून कुणी त्या भाषेच्या देशात उतरलं तर पहिल्याच दिवशी अडतं. सहा घरांपैकी ‘वोसोत्रोस’चं, म्हणजे जवळच्या अनेकांना एकदम बोलायचं, अख्खं घर स्पेनसाठी राखलेलं आहे, अमेरिका खंडातल्या स्पॅनिशमध्ये ते रोजच्या बोलण्यात नाही, तिथे जवळच्या मित्रांच्या घोळक्यालाही ‘उस्तेदेस’ म्हणतात. उलट अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे, निकाराग्वा, कोस्टा रिका, कोलंबियातलं मेदेयिन आणि काली, व्हेनेझुएलातलं माराकाइबो या सगळ्या ठिकाणी घराघरांत ‘तू’च्या जागी जे सर्वनाम ऐकू येतं, त्या ‘वोस’ला तक्त्यात एकही घर नाही. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या दर दहा माणसांपैकी साधारण नऊ माणसं स्पेनच्या बाहेर राहतात. आपली मुलं पदवी घेऊन पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांत लागतात तेव्हा त्यांना बोगोता, सांतियागो, मेक्सिको सिटी, ब्युनोस आयरेसहून फोन येतात. त्या फोनवर पहिली दहा सेकंदं संबोधनाची असतात, आणि तेवढ्यात समोरच्याचं मत तयार झालेलं असतं.

ब्युनोस आयरेसच्या वर्गात मी पहिले तीन आठवडे प्राध्यापिकांशी प्रत्येक वाक्य ‘उस्तेद’ने बोलत होते. आदर दाखवण्याचा मला दुसरा मार्गच ठाऊक नव्हता. शेवटी त्या हसून म्हणाल्या, ‘‘तुतेआमे, पोर फावोर.’’ तुतेआर म्हणजे ‘तू’ म्हणणं. मी लगेच ‘तू तिएनेस’ असं सुरू केलं आणि वर्गात क्षणभर विचित्र शांतता पसरली. कारण तिथे ‘तुतेआमे’ म्हणणारा माणूसही ‘तू’ कधी म्हणत नाही. ‘तुतेआर’ हे क्रियापद जुनंच राहिलं आहे, पण त्याच्या आत ‘वोस’ येऊन बसला आहे: वोस तेनेस (तुझ्याकडे आहे), वोस सोस (तू आहेस), वेनी (ये), देसीमे (मला सांग). माझं बोलणं परदेशी मालिकेच्या डबिंगसारखं ऐकू येतं, असं एका मैत्रिणीने मला नंतर सांगितलं. तीन आठवडे मी दूरची वाटत होते आणि चौथ्या आठवड्यात खोटी. व्याकरणाच्या दृष्टीने माझं एकही वाक्य चुकलेलं नव्हतं.

मग ‘वोस’ अंगवळणी पडल्यावर मी विभागाच्या कार्यालयाला मुदत वाढवून मागणारा अर्ज लिहिला, तोही ‘वोस’ वापरून. तो परत आला. असल्या अर्जाची सुरुवात तिथे ‘दे मि मायोर कोन्सिदेरासियोन’ अशी करतात, म्हणजे ‘आपल्याविषयी पूर्ण आदर बाळगून’. त्यापुढे स्वल्पविराम येत नाही, अपूर्णविराम येतो. सगळा मजकूर उस्तेदचा असतो आणि शेवटही ठरलेला असतो. ज्या व्हरांड्यात मी प्राध्यापिकांना नावाने हाक मारत होते, त्याच व्हरांड्यातल्या खिडकीतून आत सरकवायच्या कागदावर मला शंभर वर्षांपूर्वीच्या अदबीने लिहायचं होतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच इमारतीत. तिथल्या मुलांना यात काहीच विसंगत वाटत नव्हतं, कारण त्यांनी घरी मोठ्या माणसांना असे अर्ज लिहिताना पाहिलं होतं. ज्यांच्या घरी कुणी असे अर्ज लिहिलेच नव्हते, ती मुलं माझ्यासारखीच खिडकीतून परत येत होती.

या शेवटच्या वाक्यापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण माझं म्हणणं तिथून सुरू होतं.

त्या सत्राची पहिली मोठी परीक्षा ‘पार्सिआल दोमिसिलिआरियो’ होती: प्रश्न घरी न्यायचा, आठवडाभरात आठ पानं लिहून आणायची. प्रश्नपत्रिकेतल्या सूचनेला तिथे ‘कोन्सिग्ना’ म्हणतात. माझ्या कोन्सिग्नात एका मताची दुसऱ्या मताशी चर्चा घडवून आणा, अशा अर्थाचं काही होतं. मी इथल्या सवयीने प्रत्येक लेखकाचं म्हणणं ओळीने, स्वच्छ, मुद्देसूद उतरवलं. ‘सविस्तर उत्तरे लिहा’ हे मला उत्तम येत होतं. पेपर परत आला तेव्हा पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या पानाच्या समासात हिरव्या शाईत तेच तीन शब्द होते: ‘किएन आब्ला आका?’ इथे कोण बोलतंय? मला वाटलं, क्रियापदाचा पुरुष कुठे तरी चुकला असावा. मी रात्रभर क्रियापदं तपासली. सगळी बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला मी पेपर दाखवला. ती शहराच्या पश्चिमेकडच्या उपनगरातून रोज दीड तास प्रवास करून येणारी, विद्यापीठाची पायरी चढलेली तिच्या घरातली पहिलीच मुलगी. तिने न बोलता स्वतःचा पेपर पुढे केला. तिच्याही समासात तेच वाक्य होतं. तिची मातृभाषा स्पॅनिश होती. ‘वोस’ तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तरीही विद्यापीठाच्या कागदावर आपण कोण म्हणून बोलायचं, कुणाशी बोलायचं, दुसऱ्याचं मत कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, हे तिलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. व्याकरण माझं अडत नव्हतं आणि तिचंही नाही. आम्हा दोघींना मायनाच माहीत नव्हता.

या प्रश्नाला लॅटिन अमेरिकेत नाव आहे: आल्फाबेतिसासियोन आकादेमिका. शब्दशः ‘विद्यापीठीय साक्षरता’. अर्जेंटिनाच्या संशोधक पाउला कार्लिनो यांच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे ती संज्ञा तिथल्या शिक्षकांच्या तोंडी रुळली. त्यांचं मूळ म्हणणं साधं आहे. शाळेत लिहा-वाचायला शिकलेला मुलगा विद्यापीठात आला की तो एका नव्या मुलखात आलेला असतो. इतिहासात पुरावा मांडायची रीत वेगळी, जीवशास्त्रात वेगळी, कायद्यात वेगळी. त्या रीती शिक्षकांच्या इतक्या अंगात मुरलेल्या असतात की त्या शिकवायच्या असतात हेच त्यांना दिसत नाही. मग मुलं चुकली की ‘शाळेतूनच कच्ची आली’ असं म्हणून विषय मिटवला जातो. २०१३ साली कार्लिनो यांनी आपली जुनी व्याख्या स्वतःच तपासून बदलली आणि ‘विद्यार्थ्याला काय यायला हवं’ यावरचा भर काढून ‘संस्थेने काय शिकवायला हवं’ यावर आणला. एखादी विदुषी आपलाच गाजलेला शब्द काही वर्षांनी असा दुरुस्त करते याबद्दल मला फार आदर वाटतो.

हा विचार तिथेच का रुजला याला कारण आहे. अर्जेंटिनात १९४९ पासून सरकारी विद्यापीठांतलं शिक्षण निःशुल्क आहे. लष्करी राजवट गेल्यावर ब्युनोस आयरेस विद्यापीठाने १९८५ साली प्रवेशपरीक्षा ठेवण्याऐवजी सगळ्यांसाठी एक समाईक पायाभूत टप्पा सुरू केला. दारं उघडली आणि घरात पुस्तकांचं कपाट नसलेली हजारो मुलं आत आली. त्यांच्या हातात पडली ती पुस्तकं नव्हेत, झेरॉक्सचे गठ्ठे: एका ग्रंथातलं तिसरं प्रकरण, दुसऱ्यातली वीस पानं. मुखपृष्ठ नाही, अनुक्रमणिका नाही, लेखक कोण, कधी लिहिलं, कुणाशी वाद घालतोय, काही कळायला मार्ग नाही. मुलं ते ‘पुस्तकात असं लिहिलंय’ म्हणून वाचतात, जणू सगळं एकाच आवाजात बोललं गेलं आहे. मग तीच मुलं लिहायला बसतात आणि त्यांच्या समासात उमटतं: इथे कोण बोलतंय? (हे वर्णन वाचताना आपल्याकडची ‘नोट्स’ची दुकानं कुणाला आठवली तर ते साहजिक आहे.)

पण तिथे नुसती तक्रार करून कुणी थांबलं नाही. ब्युनोस आयरेस विद्यापीठाच्या त्या पायाभूत टप्प्यात एल्विरा आर्नू यांच्या विभागाने चिन्हमीमांसेच्या, म्हणजे चिन्हं आणि त्यांचे अर्थ यांच्या अभ्यासाच्या, तासाला जोडून वाचन-लेखनाची कार्यशाळा उभी केली. राजधानीच्या उपनगरातल्या जनरल सार्मिएंतो राष्ट्रीय विद्यापीठात लेखन शिकवणारा शिक्षक विषयशिक्षकाच्या सोबतीने काम करतो, तेही पहिल्या वर्षापुरतं नाही, वरच्या वर्षांपर्यंत. कोलंबियात काली शहरातल्या वाये विद्यापीठात १९९६ पासून वाचन-लेखनासाठी युनेस्कोचं अध्यासन आहे. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या मुलांना स्पॅनिश विद्यापीठात लिहायला शिकवण्यासाठी त्या देशांनी हे सगळं उभं केलं. आणि आपण, ज्यांची ती मातृभाषा नाही अशा मुलांना, ‘निबंध लिहा, अडीचशे शब्द’ एवढ्या शिदोरीवर तिथे पाठवतो.

आता या दोन गोष्टी, संबोधन आणि लेखन, मी एकत्र का बांधते आहे? त्या एकमेकींपासून कधी सुट्या नव्हत्याच. सर्वांत स्पष्ट उदाहरण आंद्रेस बेय्यो यांचं. कराकासमध्ये जन्मलेला हा विद्वान १८४२ साली स्थापन झालेल्या चिली विद्यापीठाचा पहिला कुलगुरू. १८४७ साली त्यांनी अमेरिकेतल्या लोकांसाठी म्हणून स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं आणि प्रस्तावनेत ठणकावून सांगितलं की आरागोन आणि आंदालुसिया यांना आपापल्या बोलीच्या लकबींचा जेवढा हक्क, तेवढाच चिली आणि व्हेनेझुएला यांनाही आहे. इतक्या उदार मनाचा हा माणूस ‘वोस’ मात्र सहन करू शकला नाही. घरगुती बोलण्यातला वोस हा गावंढळपणा आहे, तो टाळावा, असं त्यांनी त्याच व्याकरणात लिहिलं. चिलीच्या शाळांनी ते मनावर घेतलं. पिढ्यान्पिढ्या ‘वोस’ हे सर्वनाम शिकलेल्यांच्या तोंडून पुसलं गेलं, पण त्याच्या क्रियापदाचा प्रत्यय काही गेला नाही. आज सांतियागोतला तरुण ‘तू’ म्हणतो आणि क्रियापद वोसचं लावतो, ‘काचाइ?’ म्हणजे ‘कळलं का?’ हे त्याच्या दर दुसऱ्या वाक्यात येतं. विद्यापीठाने लेखणीने जे खोडलं ते जिभेच्या टोकावर शिल्लक राहिलं.

अर्जेंटिनातही तेच घडू पाहत होतं. पुस्तकात ‘तू’, मधल्या सुट्टीत ‘वोस’, आणि धडा वाचून दाखवणाऱ्या बाई घरी जाऊन आपल्या मुलांशी ‘वोस’नेच बोलणार. अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीने १९८२ साली वोसला शिष्टसंमत म्हणून मान्यता दिली तेव्हा कुठे हा दुभंग अधिकृतपणे मिटला. आपली जीभ घरी ठेवून वर्गात जावं लागण्याचं दुःख मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ज्यांनी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलत पुण्याच्या महाविद्यालयात पाऊल टाकलं आहे, त्यांना ते ठाऊक आहे.

‘वोस’चा प्रवास तर मराठी वर्गात आवर्जून सांगावा असा आहे. ‘सं वो मनांसि जानताम्’ ही ऋचा आपल्या कितीतरी मुलांना पाठ असते. त्यातला ‘वो’, म्हणजे ‘तुमची’, आणि लॅटिन ‘वोस’, म्हणजे ‘तुम्ही सगळे’, हे सख्खे नातलग. अनेकवचनी वोस रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात एकट्या सम्राटाला आदरार्थी लावला जाऊ लागला, मध्ययुगात सरदारांना लावला गेला, आणि वापरून वापरून इतका झिजला की सोळाव्या शतकात हाताखालच्या माणसाला बोलायचा शब्द झाला. मोठ्यांसाठी मग ‘वुएस्त्रा मेर्सेद’, आपली कृपा, हा नवा मायना निघाला आणि तो घाईने उच्चारता उच्चारता ‘उस्तेद’ झाला. मेक्सिको आणि लिमा ही व्हाइसरॉयच्या दरबाराची शहरं. दोन्हीकडची विद्यापीठं १५५१ सालची. माद्रिदची नवी चाल तिथे लवकर पोचली आणि ‘तू’ स्थिरावला. दरबारापासून दूर पडलेल्या मुलखात ‘वोस’ टिकला. एका सर्वनामाच्या नकाशात साम्राज्याचे हमरस्ते उमटलेले दिसतात ते असे.

उस्तेदला क्रियापद तृतीय पुरुषाचं का, हा प्रश्न दर वर्षी माझ्या वर्गात कुणी तरी विचारतं. मी फळ्यावर ‘भवान् गच्छति’ लिहिते. दहावीला संस्कृत घेतलेली मुलं क्षणात मान हलवतात. ‘कृपा जाते आहे’, म्हणून तृतीय पुरुष. मराठी मुलांकडे हा खजिना आधीच आहे आणि स्पेनहून आलेलं कुठलंही पुस्तक तो उघडणार नाही, कारण ते पुस्तक लिहिणाऱ्याला तो दिसतच नाही. उघडायचा तर तो आपणच.

कोलंबियाच्या राजधानीबद्दल, बोगोताबद्दलही लिहायलाच हवं. तिथे मी एक महिना राहिले आणि ‘उस्तेद म्हणजे तुम्ही’ ही वहीतली ओळ त्या महिन्यात पार मोडली. तिथे नवरा-बायको एकमेकांना उस्तेद म्हणतात. भाऊ भावाला म्हणतो. दोन जिवलग मित्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उस्तेद म्हणतात. आणि तोच उस्तेद बँकेतल्या अनोळखी बाईंनाही चालतो. माझी आजी आजोबांना ‘अहो’ म्हणायची, म्हणून आधी मला वाटलं की हे ओळखीचं आहे. पण आमचं ‘अहो’ एकतर्फी होतं. आजोबा आजीला ‘अगं’च म्हणायचे. बोगोतात ते दोन्ही बाजूंनी सारखं वाहतं, आणि त्यात अंतर नसतं, घट्टपणा असतो. कोस्टा रिकात तर लहान मुलाला, पाळलेल्या कुत्र्यालाही उस्तेद म्हणतात. १९६० साली ब्राउन आणि गिल्मन या अमेरिकी अभ्यासकांनी सर्वनामांची मांडणी सत्ता आणि आपुलकी अशा दोन अक्षांवर केली होती. ती आजही शिकवण्यासारखी आहे, पण बोगोतातलं एक घर पाहिलं की एकच शब्द दोन्ही टोकांना कसा उभा राहतो ते दिसतं.

माझ्या घरमालकीण बोयाकाच्या डोंगराळ भागातल्या. त्या मला ‘सुमेर्से’ म्हणायच्या: ‘सु मेर्सेद’, पुन्हा तीच कृपा, वेगळ्या वाटेने आलेली. कॉफी देताना सुमेर्से, दार लावून घे सांगताना सुमेर्से, मी तापाने फणफणले तेव्हा कपाळावर हात ठेवून सुमेर्से. पूर्वी गुलामांनी आणि नोकरांनी मालकाला वापरलेल्या संबोधनाच्या कुळातला हा शब्द त्या पठारावर माया आणि आदर एकत्र वाहणारा झाला आहे. माझ्या पाच वर्षांच्या शिक्षणात तो एकदाही माझ्या कानावर पडला नव्हता.

आता लेखनाकडे परत येते. समासातल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला शेवटी मराठीने दिलं. स्पॅनिश प्रबंधात लेखकाला उभं राहायला तीन जागा असतात: ‘यो’, म्हणजे मी, ‘नोसोत्रोस’, नम्रतेचं आम्ही, आणि ‘से’ लावून केलेली कर्ता झाकणारी रचना, ‘विश्लेषण केलं जातं’. ‘नोसोत्रोस’ वाचताना मी प्रत्येक वेळी अडखळायचे, कारण माझं मराठी मन विचारायचं: हे ‘आम्ही’ आहे की ‘आपण’? स्पॅनिशला हा भेद करता येत नाही. आपल्याला येतो. लेखक ‘आम्ही असे मानतो’ म्हणतो तेव्हा वाचक बाहेर असतो. ‘आपण मागच्या प्रकरणात पाहिलं’ म्हणतो तेव्हा तो वाचकाचा हात धरून आत आणतो. आणि कधी कधी ‘आपण सगळे जाणतो’ म्हणत तो वाचकाची संमती न विचारताच घेतो. मी स्पॅनिश लेखांच्या समासात ‘आम्ही’ आणि ‘आपण’ लिहून वाचायला सुरुवात केली आणि प्रत्येक लेखात कोण कुणाशी बोलतंय हे दिसायला लागलं. पुढच्या पार्सिआलमध्ये समास कोरा आला. ही युक्ती मी त्या उपनगरातल्या मैत्रिणीलाही शिकवली. तिने मराठीतले ते दोनच शब्द पाठ केले होते आणि ती ते तिच्या शिकवणीच्या मुलांना सांगायची.

१९१८ साली कोर्दोबा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बंड केलं. सगळ्या लॅटिन अमेरिकेतल्या विद्यापीठांचा चेहरा त्या बंडाने बदलला. २१ जूनच्या त्यांच्या जाहीरनाम्याला आधी मायनाच आहे: कोर्दोबाच्या अर्जेंटिनी तरुणांकडून दक्षिण अमेरिकेतल्या मुक्त माणसांना. आपण कोण, आणि बोलतो आहोत कुणाशी. आत त्यांनी म्हटलं आहे की विद्यार्थ्यांच्या घरात अधिकार हुकूम देऊन चालवायचा नसतो. सुचवून, प्रेम करून, शिकवून चालवायचा असतो. ‘तुतेआमे’ म्हणणाऱ्या माझ्या प्राध्यापिका त्या परंपरेतल्या होत्या. पण नुसतं ‘मला वोस म्हण’ म्हटल्याने दार उघडत नाही, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी समासात प्रश्न लिहिला आणि मग दर गुरुवारी तासानंतर थांबून आम्हाला तो कसा सोडवायचा ते दाखवलं. त्या गुरुवारांइतकं मोलाचं काही मला त्या दोन वर्षांत मिळालं नाही.

आपल्याकडे माझं मागणं असं आहे. पहिल्या सत्राच्या तक्त्यात ‘वोस’ला घर द्या आणि ‘वोसोत्रोस’पुढे ‘स्पेन’ असं लिहा. उस्तेद शिकवताना माद्रिद, बोगोता आणि मेक्सिको सिटी अशी तीन ठिकाणची खरी संभाषणं ऐकवा. स्पेनमधले बरेच विद्यार्थी प्राध्यापकांना सरळ ‘तू’ म्हणतात आणि मेक्सिकोतले ‘माएस्त्रा’ (बाई) म्हणून उस्तेद वापरतात, हे मुलांना कानाने कळू दे. श्रवणाच्या परीक्षेत ‘हे दोघं एकमेकांचे कोण?’ हा प्रश्न असावा. आणि दुसऱ्या वर्षापासून दोन श्रेयांकांची लेखन कार्यशाळा असावी, जिच्यात विद्यार्थी प्राध्यापकांना मेल, कार्यालयाला अर्ज, एका लेखाचं परीक्षण आणि दोन मतांची तुलना लिहील. प्रत्येकाचा पहिला खर्डा शिक्षक समासात प्रश्न लिहून परत देईल आणि गुण दुसऱ्या खर्ड्याला मिळतील. दुसऱ्या खर्ड्याचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकदाच लिहून गुण मिळवणाऱ्या मुलाला समासातला प्रश्न हा शेरा वाटतो, आमंत्रण वाटत नाही.

‘वोस प्रमाण नाही, परीक्षेत चालणार नाही’ ही शंका मी अनेकदा ऐकली आहे. स्पॅनिश अकादम्यांनी एकत्र मिळून २००५ साली काढलेल्या शंकाकोशात आणि २००९ च्या व्याकरणात वोसची रूपं क्रियापदांच्या तक्त्यांत छापलेली आहेत. परदेशी विद्यार्थ्यांचं स्पॅनिश तपासणारी अर्जेंटिनाची सेलू ही परीक्षा २००४ पासून घेतली जाते. तशीच सिएले ही परीक्षा २०१६ साली स्पेनच्या सेर्वान्तेस संस्थेने सालामांका विद्यापीठ आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठासोबत सुरू केली, आणि ब्युनोस आयरेस विद्यापीठही तिच्यात आहे. प्रमाणाची व्याख्या बदलून बरीच वर्षं झाली. ‘मुलांचा गोंधळ उडेल’ या भीतीबद्दल एवढंच म्हणेन की आईला तू, मोठ्या काकांना तुम्ही, पाहुण्यांना आपण, मैत्रिणीला अगं आणि रिक्षावाल्याला ओ दादा ही कसरत आपली मुलं बालवाडीपासून विनासायास करत आली आहेत. संबोधनांच्या बाबतीत मराठी मूल कच्चं नसतं.

शिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. लेखनाचे खर्डे तपासायला वेळ लागतो, वर्ग मोठे असतात, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्यांना खर्डे तपासण्याचं मानधन मिळत नाही. कार्यशाळा मंजूर करताना त्या तपासणीचे तासही कार्यभारात धरावेत, ही विनंती मी आग्रहाने करते. नाहीतर ती कागदावरच राहील.

गेल्या तीन वर्षांत वर्गात वापरलेली संभाषणं, ‘आम्ही-आपण’ पद्धतीने वाचायचे बारा उतारे आणि मुलांच्या दोन-दोन खर्ड्यांची, नावं काढून टाकलेली, एक वही माझ्याकडे तयार आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास मिळाला तर मी ती घेऊन येईन. प्रती सर्व सदस्यांना पुरतील इतक्या काढून ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
स्पॅनिशची एक शिक्षिका, पुणे